चाळीस हजारांचा संगणक

मुलांनो, घरी नवा फ्रिज घ्यायचा असला, तर आपण काय करतो? दुकानात जातो, दोन-चार फ्रिज पाहतो, एक पसंत करतो आणि टेम्पोत घालून घरी आणतो. फ्रिजचा दरवाजा एका दुकानातून आणि कॉम्प्रेसर दुसऱ्या दुकानातून, असे कोणी करत नाही. संगणकाचे मात्र तसे नाही. संगणक तयार मिळतो, तसाच त्याचा एकेक भाग वेगळा निवडून आपल्या हाताने जोडताही येतो. ज्यांना संगणकावर खेळ खेळायचे असतात, ते बहुधा हा दुसरा मार्ग धरतात. त्यात पैसे वाचतात, असे म्हणतात. वाचतात, हे खरे आहे. बुडतातही. आमचे कसे झाले, ते तुम्हांला सांगतो.

२०२३ च्या मे महिन्यातली गोष्ट आहे. माझ्या भाच्याची दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती. माझी थोरली बहीण, म्हणजे आपा, मीरा रोडला नया नगरमध्ये चौथ्या मजल्यावर राहते. तिचे यजमान भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात कामाला आहेत. आपा घरी शिलाई करते. एका दुपारी भाच्याचा फोन आला, “मामू, पैसे जमले. आता तुम्ही याच.”

पैसे कसे जमले होते, ते आधी सांगायला हवे. तुमच्या घरी जिला बीसी म्हणतात, तीच मराठीतली भिशी. आपाच्या भिशीत बारा बायका होत्या. प्रत्येकीने दरमहा दोन हजार रुपये भरायचे आणि दर महिन्याला एकीने चोवीस हजार उचलायचे. त्या महिन्यात आपाचा नंबर लागला होता. भाच्याने दोन-तीन वर्षांची ईदी आणि सुट्टीत एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करून मिळवलेले पैसे मिळून सहा हजार साठवले होते. उरलेले दहा हजार त्याच्या अब्बांनी दिले होते. असे झाले चाळीस हजार.

मी पोहोचलो तेव्हा आपा पायाच्या मशीनवर एक कुर्ता शिवत होती. तिने मान वर न करताच सांगितले, “यंदाच्या भिशीत मोटरचे नवे मशीन घेणार होते मी. ते राहू दे. पण पैसा वाया गेला, तर मी तुला विचारीन, त्याला नाही.” तिची दुसरी अट अशी होती, की माझी भाची बी. कॉम. करत होती, तिलाही रोज दोन तास तो संगणक मिळाला पाहिजे. भाच्याने ही अट मान्य केली, पण त्याचा चेहरा काही फार खुलला नाही.

मग त्याने आपली यादी माझ्यापुढे ठेवली. वहीच्या एका पानावर लाल शाईने लिहिलेली ती यादी मी अजून जपून ठेवली आहे. पहिल्याच ओळीत एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड होते आणि त्यापुढे किंमत होती अठ्ठावीस हजार. बाकी सगळ्या भागांसाठी मिळून उरले होते बारा हजार! त्यात मॉनिटरही आला, कीबोर्डही आला. मी त्याला म्हणालो, “अरे, ही तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.” ही म्हण त्याने ऐकलेली नव्हती. मराठीच्या पेपरात विचारली असती तर गुण गेले असते, असे म्हणून त्याने ती यादीखालीच लिहून घेतली.

आता संगणकात कोणकोणते भाग असतात, ते तुम्हांला ठाऊक नसेल तर थोडक्यात सांगतो. स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारा माणूस. रॅम म्हणजे ओटा. ओटा जितका मोठा, तितकी भांडी एका वेळी हाताशी राहतात. एसएसडी म्हणजे फडताळ. त्यात धान्य, डाळी, मसाले भरून ठेवलेले असतात. मदरबोर्ड म्हणजे ही सगळी खोली. आणि एसएमपीएस म्हणजे गॅसची शेगडी आणि नळी. तो घरातली वीज घेऊन प्रत्येक भागाला लागेल तेवढीच पुरवतो. ग्राफिक्स कार्ड हा खास चित्रे रंगवणारा वेगळा कारागीर आहे. खेळात पडद्यावर जे डोंगर, मोटारी, माणसे पळताना दिसतात, ती तो रंगवत असतो.

कारागीर कितीही कुशल असला आणि बाकीचे घर त्याला साथ देत नसले, तर काय उपयोग? मीरा रोड स्टेशनवर संध्याकाळी उतरलात, तर हे तुम्हांला चांगले कळेल. जलद लोकल वेळेवर येते, माणसे भराभर उतरतात आणि पुलाच्या जिन्यापाशी सगळी अडकतात. लोकल आणखी वेगाने आली असती, तरी त्यांना घरी पोहोचायला तेवढाच वेळ लागला असता. संगणकातही असेच कुठे ना कुठे एक चिंचोळा जिना असतो. भाच्याच्या यादीत तर सगळे जिनेच होते, लोकल एकच होती.

मी त्याला मॉनिटरबद्दलही विचारले. चित्रपटात एका सेकंदाला २४ चित्रे दाखवतात, म्हणून आपल्याला हालचाल अखंड वाटते. खेळात याहून जास्त चित्रे लागतात, कारण आपण बटण दाबले की माणूस लगेच वळला पाहिजे. पण साधा मॉनिटर एका सेकंदाला साठ किंवा पंच्याहत्तर वेळाच चित्र बदलतो. मग कार्डाने सेकंदाला दीडशे चित्रे काढली, तरी ती दिसणार कोठे? भाचा म्हणाला, “मॉनिटर पुढच्या वर्षी घेईन. आता घरातला टीव्ही लावू.” आपा आतून ओरडली, “टीव्हीला हात लावायचा नाही!”

तेव्हा यादी पुन्हा करायला बसलो. मी सर्वांत आधी एसएमपीएस लिहिला. भाच्याला हे अजिबात आवडले नाही. त्याच्या यादीत एसएमपीएस शेवटी होता आणि त्यापुढे लिहिले होते, ‘कॅबिनेटबरोबर फुकट.’ मी का हट्ट धरला, ते त्याला तेव्हा सांगितले नाही. तुम्हांला सांगतो.

२००९ साली मी माझा पहिला संगणक असाच जोडून घेतला होता. तेव्हाही पैसे मोजकेच होते. जोडून देणाऱ्याने कॅबिनेटबरोबर एक एसएमपीएस दिला. त्यावर ‘४५० वॉट’ असे ठळक छापले होते. हातात घेतला तर तो रिकाम्या डब्यासारखा हलका लागला, पण मला त्यातले काय कळत होते? एका पावसाळ्याच्या रात्री वीज दोन-तीनदा गेली आणि आली. शेवटच्या वेळी ठो असा आवाज झाला आणि खोलीत जळका वास भरला. एसएमपीएस एकटा गेला असता, तर सात-आठशे रुपयांत भागले असते. जाताना तो मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क घेऊन गेला. त्या हार्ड डिस्कमध्ये आमच्या अब्बांच्या शेवटच्या ईदचे फोटो होते. त्यांची दुसरी प्रत मी कोठेही ठेवलेली नव्हती. आपाला हे माहीत आहे. तिने कधी बोलून दाखवले नाही.

म्हणून सांगतो, एसएमपीएसच्या डब्यावर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. नावाजलेल्या कंपनीचा घ्या आणि त्यावर ‘८० प्लस’ ही खूण आहे का, ते पाहा. ही खूण याचा अर्थ असा, की घेतलेल्या विजेपैकी निदान ऐंशी टक्के वीज तो कामाला लावतो, बाकीची उष्णतेत जाते. आम्ही सुमारे तेहतीसशे रुपयांचा घेतला. खेळाचा वेग त्याने एका चित्रानेही वाढत नाही, हे भाच्याचे म्हणणे बरोबरच होते.

एवढे झाल्यावर मोठा प्रश्न उरला. चाळीस हजारांत सगळे बसवायचे तर वेगळे ग्राफिक्स कार्ड घेता येत नव्हते. काही प्रोसेसर असे असतात, की त्यांच्या पोटातच चित्रे काढणारा छोटा कारागीर असतो. एएमडी कंपनीचा रायझेन ५ ५६००जी हा त्यांपैकी एक. तो २०२१ साली बाजारात आला. त्यात सहा गाभे आहेत, म्हणजे स्वयंपाकघरात एकाऐवजी सहा माणसे. वीजही तो फार खात नाही. त्याच्यावर ‘व्हॅलोरंट’सारखा खेळ झकास चालतो आणि ‘जीटीए ५’ही चित्रांची सफाई थोडी कमी केली की चालतो. अगदी नवे, अवजड खेळ मात्र त्याला झेपत नाहीत. मी म्हणालो, “हा घेऊ. मदरबोर्डवर कार्डाची जागा रिकामी राहील. पुढे पैसे जमले की कार्ड घे.”

भाचा काही बोलला नाही. तो उठून गॅलरीत गेला. त्याच्या मित्रांच्या गटात कोणाकडे कोणते कार्ड आहे, याचीच चर्चा असते, हे मला नंतर भाचीने सांगितले. ‘कार्ड नाही’ असे सांगणे त्याच्या जिवावर आले होते. त्या वयात मलाही आले असते.

शनिवारी सकाळी आम्ही दोघे निघालो. मीरा रोडहून जलद लोकलने दादर आणि तेथून धीम्या लोकलने ग्रँट रोड. पूर्वेला उतरून थोडे चालले की लॅमिंग्टन रोड लागतो. मुंबईत संगणकाचे सुटे भाग घ्यायचे, तर या रस्त्याचेच नाव निघते. १९०३ ते १९०७ या काळात लॉर्ड लॅमिंग्टन हे मुंबईचे गव्हर्नर होते, त्यांच्या नावावरून हा रस्ता ओळखला जाऊ लागला. आज त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे. पण टॅक्सीवाल्याला विचारा की दुकानदाराला, तो लॅमिंग्टन रोडच म्हणेल. माझ्या अब्बांच्या तोंडी मात्र या रस्त्याची वेगळीच खूण होती. येथे मिनर्व्हा नावाचे चित्रपटगृह होते आणि १९७५ साली आलेला ‘शोले’ तेथे पाच वर्षांहून अधिक काळ चालला. आता तेथे मिनर्व्हा नाही. भाच्याला मी हे मोठ्या उत्साहाने सांगितले. त्याचे लक्ष दुकानांच्या पाट्यांकडे होते.

त्या रस्त्यावर तुम्ही गेलात, तर पहिल्या दुकानात काहीही घेऊ नका. आम्ही चार दुकानांतून किमती लिहून घेतल्या. एकाच वस्तूत दोनशेपासून सातशेपर्यंत फरक निघाला. गंमत म्हणजे एका दुकानात प्रोसेसर स्वस्त आणि मदरबोर्ड महाग, तर दुसऱ्यात नेमके उलटे. सगळे एकाच ठिकाणी घेतो म्हटल्यावर तिसऱ्या दुकानदाराने दोन्हींचा भाव खाली आणला. घासाघीस करताना मी फारसा बोललो नाही. दुकानदाराच्या ओळखीची भाषा भाच्यालाच जास्त येत होती. बाजार, दुकान, किंमत, हिशेब, जमा, खर्च, बाकी हे सगळे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आलेले आहेत, तेव्हा व्यवहारात आपली अडचण व्हायचे कारण नाही.

सर्व ठरत आले होते. तेवढ्यात दुकानदार म्हणाला, “साहेब, हा रायझेन अकरा हजार आठशेला पडतो. त्यापेक्षा इंटेलचा आय३-१२१००एफ घ्या. साडेआठ हजारांत देतो. वेगात कमी नाही.” तीन हजार तीनशे रुपये वाचत होते. मी मनातल्या मनात हिशेबही करून टाकला, की यात आपाच्या मशीनचे काहीतरी होईल. मी हो म्हणणार, एवढ्यात भाच्याने माझी बाही ओढली.

“मामू, शेवटी एफ आहे.”

“मग?”

“एफ असला की आत ग्राफिक्स नसते. आपण कार्ड घेत नाही आहोत. घरी जाऊन लावला, तर पडद्यावर काहीच दिसणार नाही.”

दुकानदाराने कपाळावर हात मारला. आम्ही कार्डही घेणार, असे त्याने धरले होते. त्याची काही लबाडी नव्हती. त्याने सांगितलेला प्रोसेसर चांगलाच होता, फक्त आमच्या कामाचा नव्हता. एका अक्षराने साडेआठ हजार रुपये अडकून पडले असते, आणि ते अक्षर मामूला दिसले नव्हते. दोन दिवस गप्प असलेला भाचा त्यानंतर एकदम मोकळा झाला. मदरबोर्डच्या डब्यावर ‘रायझेन ५०००’ असे लिहिलेले आहे का, हेही त्यानेच तपासले. मदरबोर्ड जुन्या साठ्यातला असेल, तर त्यातली मूळ आज्ञावली नवा प्रोसेसर ओळखत नाही आणि संगणक सुरूच होत नाही.

रॅमच्या बाबतीत आमचे पुन्हा वाजले. मला १६ जीबी पुरेशी वाटत होती, त्याला ३२ हवी होती. त्याचे म्हणणे होते, की आता स्वस्त आहे, घेऊन टाकू. मी ऐकले नाही. मात्र १६ जीबीची एक पट्टी न घेता ८ जीबीच्या दोन घेतल्या. पोटातला कारागीर स्वतःची वेगळी मेमरी बाळगत नाही, तो रॅमचीच वापरतो. दोन पट्ट्या असल्या, की त्याला माल आणायला दोन रस्ते मिळतात. एकाच पट्टीवर तोच खेळ अडखळत चालतो. किंमत जवळजवळ सारखीच पडली.

मग आली पावतीची वेळ. दुकानदाराने हळूच विचारले, “बिल पाहिजे का?” संगणकाच्या या भागांवर अठरा टक्के जीएसटी आहे. म्हणजे दहा हजारांची वस्तू पक्क्या बिलावर अकरा हजार आठशेला जाते. कच्च्या चिठ्ठीवर घेतली तर अठराशे वाचतात, असे वाटते. पण हमी ही पक्क्या बिलावर मिळते. डबाबंद प्रोसेसरची हमी तीन वर्षांची असते. दीड वर्षाने तो बिघडला आणि तुमच्या हातात नुसती चिठ्ठी असली, तर कोण विचारतो? आम्ही पक्के बिल घेतले आणि प्रत्येक डब्यावरचा क्रमांक बिलाशी जुळवून पाहिला. त्यात पाऊण तास गेला. दुकानदार वैतागला असावा, पण त्याने चहा मागवला.

येताना रस्त्याच्या कडेला एका टेबलावर जुनी कार्डे मांडलेली दिसली. भाच्याचे पाय तेथे थबकले. आरएक्स ५८० हे कार्ड सात हजारांना होते, ८ जीबी मेमरीचे. मलाही क्षणभर मोह झाला. हे कार्ड २०१७ साली आलेले. इतके स्वस्त का, ते मी भाच्यालाच विचारले, आणि त्याला ते ठाऊक होते. इथेरियम नावाचे आभासी चलन मिळवण्यासाठी लोक अशी कार्डे रात्रंदिवस चालवत असत. त्यामुळे २०२१ साली कार्डांच्या किमती आकाशाला भिडल्या होत्या. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या चलनाची पद्धत बदलली, कार्डांची गरज संपली आणि वापरून झिजलेली कार्डे बाजारात आली. या टेबलावरचे कार्ड तसेच राबवलेले होते की नाही, हे त्याच्याकडे पाहून सांगता येत नव्हते. बिल नव्हते, हमी नव्हती. “घरी नेऊन पाहा, नाही चालले तर आणून द्या,” असे विक्रेता म्हणत होता. पण पुढच्या शनिवारी टेबल तेथेच असेल, याची खात्री कोण देणार? भाच्याने कार्ड उलटसुलट करून पाहिले, पंखा बोटाने फिरवला आणि खाली ठेवले. मी काही बोललो नाही.

सगळा खर्च सदतीस हजार पाचशे झाला. त्यात बावीस इंचांचा मॉनिटरही आला. विंडोजचा परवाना आमच्या हिशेबात नव्हताच, हे मला घरी आल्यावर आठवले. यादी करताना डोळ्यांना जे दिसते तेवढेच आपण लिहितो. तो परवाना मी माझ्याकडून दिला. रमजान ईदची ईदी तशीही द्यायची राहिली होती. उरलेल्या अडीच हजारांत भाच्याला रंगीत दिव्यांचे पंखे घ्यायचे होते. दुकानात त्याने दोनदा त्यांचा भाव विचारला होता. पैसे मी त्याच्याच हातात ठेवले.

जोडणी दुसऱ्या दिवशी झाली. जमिनीवरची सतरंजी काढायला लावली, कारण कापडावर घासून अंगात विजेचा सूक्ष्म भार साठतो आणि नाजूक भागांना तो पुरेसा असतो. लाकडी टेबल घेतले. प्रत्येक भागाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला बोट लावायचे, असा नियम केला. प्रोसेसर बसवताना भाच्याचा श्वास थांबल्यासारखा झाला होता. एका कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण मदरबोर्डवरच्या त्रिकोणाशी जुळवला, की तो अलगद आत बसतो, दाबायचा नसतो. दाबला तर खालच्या पिना वाकतात. बसला.

तीन तासांनी बटण दाबले. पंखे फिरले. दिवा लागला. पडदा काळाच राहिला.

पुन्हा दाबले. तेच. रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या. मॉनिटरची वायर तपासली. काही नाही. आपा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिने काहीच विचारले नाही, आणि तेच जड गेले. माझ्या नाकात २००९ चा तो जळका वास आला. खोलीत तसा काही वास नव्हता. भाच्याचे ओठ पांढरे पडले होते. अठ्ठावीस हजारांचे कार्ड, मित्र, रंगीत दिवे सगळे तो विसरला होता. तो एवढेच म्हणत होता, “अम्मीचे पैसे... मामू, अम्मीचे पैसे...”

माझी भाची तोवर एका कोपऱ्यात बसून मदरबोर्डबरोबर आलेली पुस्तिका वाचत होती. तिला कोणी विचारले नव्हते आणि तिने कोणाला सांगितले नव्हते. ती म्हणाली, “यात वीज दोन ठिकाणी जोडायची लिहिली आहे. तुम्ही एकच जोडली आहे.” खरेच होते. मदरबोर्डला मोठी वायर लावली होती. पण वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरसाठी आठ पिनांची वेगळी वायर लागते, ती पंख्यामागे लोंबत राहिली होती. पंखे मोठ्या वायरवर फिरत होते, म्हणून आम्हांला वाटले, की वीज सगळीकडे पोहोचली. ती वायर लावली आणि बटण दाबले. पडद्यावर पांढरी अक्षरे उमटली. आपा आत गेली आणि थोड्या वेळाने शीरखुर्म्याच्या वाट्या घेऊन बाहेर आली. ईद होऊन महिना उलटला होता. शेवया घरात कशा होत्या, हे मी विचारले नाही.

रॅमची एक खुबी तेव्हा कळली, तीही सांगून ठेवतो. आमची रॅम ३२०० च्या वेगाची होती, पण ती २४०० वरच चालत होती. मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन एक पर्याय सुरू करावा लागतो, तेव्हा ती पूर्ण वेग पकडते. कित्येकांचे संगणक हा पर्याय न उघडताच वर्षानुवर्षे चालतात. पैसे पूर्ण वेगाचे दिलेले असतात.

मीरा रोडच्या हवेबद्दलही एक शब्द. एका बाजूला खाडी आणि मिठागरे, दुसरीकडे सतत चाललेली बांधकामे. हवेत दमटपणा आहे आणि धूळही आहे. संगणक कपाटात किंवा भिंतीला चिकटवून ठेवू नका. दर दोन महिन्यांनी बंद करून, वायर काढून, मऊ ब्रशने पंखे साफ करा. भाचा हे काम महिन्यातून एकदा करतो. स्वतःचे कपाट तो वर्षातून एकदा आवरतो.

चार दिवसांनी मी पुन्हा आपाकडे गेलो. जिना चढतानाच घरातून वेगळा आवाज ऐकू आला. शिलाई मशीन चालू होते, पण पायाची ती खटखट नव्हती. पाहतो तर जुन्याच मशीनला बाजूने एक छोटी मोटर बसवलेली. आपा रागावल्याचे सोंग करत म्हणाली, “विचारले का कोणी मला? सुई इतकी पळते, की एखादे दिवशी बोटच शिवले जाईल.” भाचा संगणकासमोर कानाला हेडफोन लावून बसला होता. त्याने वळून पाहिले नाही. त्याच्या कॅबिनेटमध्ये एकही रंगीत दिवा नव्हता.

त्यानंतर बरेच दिवस गेले. भाची हिशेबाची कामे त्याच संगणकावर शिकली. कार्डासाठी भाचा अजून पैसे साठवतो आहे. दर वेळी थोडे जमले, की काहीतरी निघते. एकदा त्याच्या कॉलेजची फी निघाली. मदरबोर्डवरची ती लांबट जागा रिकामीच आहे. पण मला खरी बोलणी बसतात ती रॅमवरून. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव एकाएकी भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगभर मोठमोठी संगणक-केंद्रे उभारली जाऊ लागली, त्यांनी मेमरीचा साठा उचलला आणि सामान्य गिऱ्हाइकासाठी काही महिन्यांत किंमत दुपटीहून वर गेली. मी ज्या दोन पट्ट्यांवर काटकसर केली, त्या तेव्हा सदतीसशेला होत्या. आता मी घरी गेलो, की भाचा बिलाची फाइल उघडतो, तो आकडा दाखवतो आणि म्हणतो, “मामू, त्या दिवशी मी काय म्हणालो होतो?”

मी चहा पितो आणि मशीनच्या आवाजात ऐकू आले नाही, असे दाखवतो.